ऐकून घेणारा माणूस

किल्लारीच्या भूकंपाचा इतिहास सांगताना आपण पडलेली घरे मोजतो. घरातल्या माणसांमाणसांत पडलेल्या भेगा मात्र कुठल्या पंचनाम्यात येत नाहीत.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारच्या सुमारास, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याची भूमी हादरली. आदल्याच दिवशी अनंत चतुर्दशी झाली होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदे झोपलेल्यांच्या अंगावर आली. हजारो माणसे गेली. पुढे बावन्न गावे नव्या जागी वसली. जमिनीच्या मानाने २५०, ४५० किंवा ७५० चौरस फुटांची घरे मिळाली. रस्ते रुंद झाले. जुनी ओसरी आणि जुना शेजार मात्र मागे राहिला.

आमच्या मराठवाड्यात दुःख झाले की माणूस शेजारी जाऊन बसतो. पण तेव्हा शेजारीही सुतकातच होता. सासूचा मुलगा गेलेला, सुनेचा नवरा. कोणी कोणाचे ऐकावे? न बोललेले दुःख मग भांडी आपटण्यातून बोलू लागते.

अशा वेळी परका माणूस उपयोगी पडतो. भूकंपानंतर डॉ. मोहन आगाशे यांनी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने तेथील लोकांच्या मनःस्वास्थ्याचा अभ्यास केला. आपण त्यांना नट म्हणून ओळखतो. पण ते मनोविकारतज्ज्ञही आहेत.

चार दिवसांच्या बोलण्याने घर सावरते काय, असे कोणी विचारील. त्याचे एक उत्तर गोव्यात मिळाले. डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी दहा आरोग्यकेंद्रांत तीव्र औदासीन्याचे सुमारे पाचशे रुग्ण निवडले. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर सहा ते आठ बैठकांचे समुपदेशन दिले. देणारे डॉक्टर नव्हते, तालीम दिलेली साधी माणसे होती. ती ऐकून घेत आणि माणसाला पुन्हा कामाला, माणसांत जायला लावीत. २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: औदासीन्य उतरले, शिवाय त्या गटातल्या स्त्रियांना जोडीदाराकडून होणारी मारहाणही कमी आढळली.

मला याचे नवल वाटत नाही. मन हलके झालेला माणूस घरी परततो, तेव्हा त्याला दुसऱ्याचे ऐकायला सवड असते. समुपदेशनाने कर्ज फिटत नाही, गेलेला परत येत नाही. पण उरलेली माणसे एकमेकांना परत मिळतात.

आता १४४१६ या क्रमांकावर सरकारची विनामूल्य सेवा आहे. दिवाळीत जे घर फराळ करीत नाही, त्या घरी ताट पोचते करण्याची आपली रीत आहे. ताट देऊन लगेच उठू नये, थोडे बसावे.