वेळविभागांची संदिग्ध लघुरूपे

वेळविभागांची संदिग्ध लघुरूपे म्हणजे एकाहून अधिक प्रमाणवेळांसाठी वापरली जाणारी समान अक्षरांची संक्षिप्त नावे. डेटाबेसमध्ये वेळेची नोंद करताना अशा लघुरूपामुळे चुकीचा क्षण साठवला जाण्याची शक्यता असते. भारतीय वापरकर्त्यांच्या दृष्टीने 'आयएसटी' हे याचे प्रमुख उदाहरण होय.

स्वरूप

'आयएसटी' हे लघुरूप भारतीय प्रमाणवेळ (यूटीसी +५:३०), इस्रायली प्रमाणवेळ (यूटीसी +२:००) आणि आयर्लंडची उन्हाळी वेळ (यूटीसी +१:००) या तिन्हींसाठी वापरले जाते. त्याचप्रमाणे 'सीएसटी' हे अमेरिकेतील मध्यवर्ती वेळ व चीनची प्रमाणवेळ या दोन्हींचे लघुरूप आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

८२.५° पूर्व रेखांशावर आधारित भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ रोजी लागू झाली. मुंबईत मात्र तिच्याहून ३९ मिनिटे मागे असलेली 'मुंबई वेळ' १९५५ पर्यंत प्रचारात होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात काही काळ भारतातील घड्याळे एक तास पुढे ठेवली होती. भंडारा शहर सुमारे ७९.६५° पूर्व रेखांशावर असल्याने तेथील स्थानिक सौरवेळ प्रमाणवेळेहून सरासरी ११ मिनिटे मागे असते. त्यामुळे जुन्या कागदपत्रांतील वेळ डेटाबेसमध्ये भरताना ती कोणत्या पद्धतीची आहे, हे आधी ठरवावे लागते.

डेटाबेसमधील परिणाम

पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीच्या मूळ लघुरूप-यादीत 'आयएसटी'चा अर्थ इस्रायली प्रमाणवेळ असा दिलेला आहे. समजा, एखाद्या विद्यार्थ्याने अंतिम तारखेस रात्री ९ वाजता अर्ज भरला व ती वेळ 'आयएसटी' या अक्षरांसह नोंदवली गेली. प्रणालीने ती इस्रायली मानल्यास भारतीय वेळेनुसार नोंद दुसऱ्या दिवशीच्या पहाटे १२:३० ची ठरते आणि वेळेत आलेला अर्ज विलंबाचा दिसतो. वेळविभागासह दिलेली वेळ ही प्रणाली यूटीसीत रूपांतरित करून साठवते. मूळ लघुरूप जपून ठेवत नाही. म्हणून केवळ साठवलेल्या नोंदीवरून चूक ओळखता येत नाही.

उपाय

* लघुरूपाऐवजी 'एशिया/कोलकाता' यासारखे वेळविभागाचे पूर्ण नाव वापरणे. अशा नावाशी त्या विभागातील पूर्वीचे बदलही जोडलेले असतात; तथापि 'मुंबई वेळ' त्यात समाविष्ट नाही.
* आयएसओ ८६०१ या मानकानुसार '+०५:३०' असा फरक स्पष्ट लिहिणे.
* पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये लघुरूपांसाठी 'इंडिया' ही यादी निवडणे. १८व्या आवृत्तीपासून चालू सत्राच्या वेळविभागातील लघुरूपास प्राधान्य मिळते.
* बाहेरून आलेल्या माहितीतील लघुरूपाचा अर्थ नोंद साठवण्यापूर्वीच निश्चित करणे.