पाडलेल्या घराची किंमत

खांदेश्वर स्थानकापासून जवळच उभ्या राहिलेल्या नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. त्यासाठी उलवे, तरघर, कोंबडभुजे, चिंचपाडा, कोल्ही, कोपर अशी दहा गावे उठली. जमिनीच्या मोबदल्याची, साडेबावीस टक्के विकसित भूखंडांची चर्चा पुष्कळ झाली. पण पाडलेल्या घरातून हाती काय लागते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्याचे उत्तर बांधकामाच्या इतिहासात आहे.

घर बांधणाऱ्यापुढे तीन प्रकारचा माल असतो : कोरा, दुसऱ्या कामावर उरलेला आणि पाडकामातून निघालेला. कोऱ्या मालाला बाजारभाव आणि वाहतूक पडते. उरलेला स्वस्त मिळतो. पण एकाच रंगाची फरशी खोलीभर पुरत नाही आणि तीन महिने पडून राहिलेल्या सिमेंटची ताकद घटते. जुन्या मालाची खरी किंमत मजुरीत असते. खिळे उपटायचे, विटा घासायच्या, तुळईचा कुजका भाग कापायचा. ही मजुरी किती, हे मूळ घर कशाने जोडले होते त्यावर ठरते.

चुन्याचा सांधा विटेपेक्षा मऊ असतो. म्हणून भिंत उतरवताना सांधा सुटतो, वीट वाचते. १८६५मध्ये मंगळूरला कारखाना निघाल्यावर कोकणभर पसरलेली कौले तर नुसती रचलेली; ती अलगद उतरतात. गोव्याच्या व्हाइसरॉयने १७५९मध्ये जुने गोवे सोडले आणि १८४३मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. या काळात ओस शहरातला दगड नव्या शहराच्या बांधकामाला लागला. ऑगस्टिनियन चर्चची घंटाही १८७१मध्ये पणजीच्या चर्चवर चढली. एक शहर दुसऱ्याची खाण झाले.

१९१४मध्ये पोरबंदरला सिमेंट तयार होऊ लागले. १९२०च्या दशकात मुंबईत बीडीडी चाळी काँक्रीटच्या उभ्या राहिल्या. सिमेंटचा सांधा विटेला सोडत नाही. फोडायला जावे तर आधी वीटच फुटते. स्लॅबमधून निघते ते राडारोडा आणि वाकडे लोखंड. त्या राडारोड्यासाठी २०१६मध्ये केंद्राला स्वतंत्र नियम करावे लागले.

सिडकोची स्थापना १९७०ची. तिने वसवलेले शहर बहुतांशी याच काँक्रीटचे आहे आणि आता तेही जुने होत चालले आहे. बांधताना चुन्यापेक्षा सिमेंट सोयीचे ठरले. पाडण्याचा खर्च त्या हिशेबात कुणी धरला नाही. आजोबांच्या घराचा वासा नातवाच्या घराला लागत असे. आपल्या नातवंडांच्या हाती येईल ते किलोवर विकायचे भंगार.