धूर आधी, ज्वाळा नंतर

बंगळूरच्या इंदिरानगरच्या दक्षिणेस, जुन्या विमानतळ रस्त्यावर कार्लटन टॉवर्स ही इमारत आहे. २३ फेब्रुवारी २०१० रोजी दुपारी तेथे आग लागली. ज्वाळांपेक्षा धूरच अधिक घातक ठरला. विजेच्या तारांच्या उभ्या पोकळीतून तो वरच्या मजल्यांवर चढला. गुदमरलेल्या काहींनी खिडक्यांतून उड्या घेतल्या. ९ जणांचे प्राण गेले. मृतांच्या आप्तांनी पुढे 'बियॉन्ड कार्लटन' ही संस्था स्थापून अग्निसुरक्षेचा प्रश्न लावून धरला.

आग दिसण्यापूर्वी धूर ओळखता येईल काय, हा प्रश्न मात्र बराच जुना आहे. १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियात टेलिफोन केंद्रांच्या संरक्षणाचे उपाय तपासले जात होते. वणव्याच्या धुराच्या अभ्यासासाठी वापरले जाणारे, प्रकाशाच्या विखुरण्यावरून हवेतील कण मोजणारे उपकरण त्या कामी आले. त्यातूनच पुढे 'वेस्डा' ही यंत्रणा विकसित झाली.

छतावरचा नेहमीचा स्मोक डिटेक्टर धूर आपल्यापर्यंत येण्याची वाट पाहतो. ही यंत्रणा हवाच स्वतःकडे ओढून घेते. छताखाली नळ्यांचे जाळे असते व नळ्यांना ठरावीक अंतरावर बारीक छिद्रे असतात. पंखा त्यांतून सतत हवा खेचतो. गाळणीत धूळ अडते आणि हवा लेसरच्या किरणासमोरून जाते. धुराच्या कणांनी विखुरलेला प्रकाश संवेदक टिपतो. दर मीटरला ०.००५ टक्के इतका अंधुकपणाही काही यंत्रे ओळखतात. तेव्हा डोळ्यांना काहीच दिसत नसते. इशारे टप्प्याटप्प्याने मिळतात : आधी पाहणीसाठी, अखेरीस इमारत रिकामी करण्यासाठी.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर येथे आपण वेळ विकत घेतो. त्या वेळेचे मोल मात्र प्रशासन ठरवते. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला लागलेल्या आगीत ५ जण दगावले, असंख्य नस्त्या जळाल्या. तेव्हापासून सरकारी कार्यालयांतही अशा उपकरणांची चर्चा वाढली, हे मी पाहत आलो आहे. माझ्या मते खरेदीच्या प्रस्तावातच तीन उत्तरे लिहिलेली असावीत. पहिला इशारा मिळताच पाहणीस कोण जाईल? रात्री आणि सुटीच्या दिवशी ते काम कोणाकडे असेल? जिन्यांची दारे उघडी आहेत, हे रोज कोण तपासेल?

सर्वांत दूरच्या छिद्रातील हवा १२० सेकंदांत संवेदकापर्यंत पोहोचावी, असा प्रचलित दंडक आहे. संवेदकापासून जबाबदार अधिकाऱ्यापर्यंतच्या प्रवासालाही असाच दंडक हवा.