हेलेनाचे कारंजे: जिथे युद्ध झालेच नाही, तिथले युद्धस्मारक

अमेरिकेतील कॉन्फेडरेट स्मारकांचा वाद म्हटला की रिचमंड, शार्लट्सव्हिल, न्यू ऑर्लिन्स ही दक्षिणेकडील शहरे आठवतात. आजचा थ्रेड मात्र वायव्येकडच्या एका गावाविषयी आहे. रॉकी पर्वतांतील माँटाना राज्याची राजधानी हेलेना. तेथील हिल पार्कमध्ये १९१६ ते २०१७ अशी १०१ वर्षे ग्रॅनाइटचे एक कारंजे उभे होते आणि ते कॉन्फेडरेट सैनिकांच्या स्मृतीला अर्पण केलेले होते.

गुलामगिरी टिकवण्यासाठी दक्षिणेकडील अकरा राज्ये १८६०-६१ मध्ये संघराज्यातून फुटली. त्यांचे ‘कॉन्फेडरसी’ हे स्वतंत्र राष्ट्र १८६५ मध्ये युद्धात संपले. या यादवीची एकही लढाई माँटानात झाली नाही. माँटाना हे राज्यही नव्हते. मे १८६४ मध्ये तो केवळ एक केंद्रशासित प्रदेश म्हणून अस्तित्वात आला.

मग हे कारंजे कोणाचे?

सोन्याच्या शोधात आलेल्यांमध्ये दक्षिणेचे समर्थक पुष्कळ होते. १८६३ मध्ये खाणकामगारांनी वसवलेल्या एका गावाला ते कॉन्फेडरसीचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांच्या पत्नीचे, म्हणजे ‘व्हरायना’ हे नाव देऊ पाहत होते. उत्तरेच्या बाजूच्या न्यायाधीशाने ते कागदावर लिहिण्यास नकार दिला आणि ‘व्हर्जिनिया’ असे लिहिले. ती आजची व्हर्जिनिया सिटी! ‘कॉन्फेडरेट गल्च’ नावाची सोन्याची घळ तर आजही नकाशावर सापडते. तेव्हा स्मारकाला स्थानिक संदर्भच नव्हता, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल.

परंतु कारंजे उभारले ते या खाणकामगारांनी नव्हे. ते उभारले ‘युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी’ या संघटनेच्या स्थानिक शाखेने, युद्ध संपल्यानंतर ५१ वर्षांनी. १८९४ मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेने देशभर स्मारके उभारली आणि त्याहून परिणामकारक काम म्हणजे शालेय पाठ्यपुस्तकांवर दबाव आणला. युद्ध गुलामगिरीसाठी नव्हते, राज्यांच्या हक्कांसाठी होते; दक्षिण हरली, पण तिची बाजू उदात्त होती, ही मांडणी तिने रुजवली. इतिहासकार तिला ‘लॉस्ट कॉज’ म्हणतात.

त्या काळाचे वातावरणही ध्यानात घ्यावे. १९०९ मध्ये माँटानाने गोरे आणि कृष्णवर्णीय यांच्यातील विवाहांवर कायद्याने बंदी घातली. हेलेनातून निघणारे ‘माँटाना प्लेनडीलर’ हे कृष्णवर्णीयांचे वृत्तपत्र १९११ मध्ये बंद पडले. १९१५ मध्ये जॉर्जियातील स्टोन माउंटनवर कु क्लक्स क्लॅनचे पुनरुज्जीवन झाले. त्यानंतरच्याच वर्षी हेलेनाला कारंजे आले.

येथे एक तुलना टाळवत नाही. युद्ध संपून आठच वर्षे झाली असताना, १८७३ मध्ये पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण केला. युद्ध कशासाठी झाले हे त्यांना इतक्या दुरून स्पष्ट दिसत होते.

हेलेना हे एकटे उदाहरण नाही. सिएटलच्या लेक व्ह्यू स्मशानभूमीत १९२६ चे स्मारक होते, तेही स्टोन माउंटनच्याच दगडाचे! ते जुलै २०२० मध्ये पाडले गेले. बॉस्टनजवळच्या फोर्ट वॉरनमध्ये कैदेत मरण पावलेल्या १३ कॉन्फेडरेटांचे स्मारक १९६३ मध्ये, म्हणजे नागरी हक्कांची चळवळ ऐन भरात असताना, बसवले गेले. ते २०१७ मध्ये हटवले.

हेलेनाच्या नगर आयोगाने २०१५ मध्ये मधला मार्ग निवडला होता: कारंजे राहू द्यावे, शेजारी इतिहास सांगणारा फलक लावावा. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून हा मार्ग मला तत्त्वतः पटतो. पण त्याआधीच्या ९९ वर्षांत असा फलक लावण्यास कोणी मनाई केली होती? निर्णयानंतरही दोन वर्षे तो लागला नाही. १२ ऑगस्ट २०१७ रोजी शार्लट्सव्हिलमध्ये गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या मेळाव्यात एका तरुणीचा बळी गेला आणि फलकाची चर्चा मागे पडली.

कारंजे हटवण्याची मागणी करणारे पत्र माँटानाच्या विधिमंडळातील मूलनिवासी सदस्यांनी लिहिले. हे मला या प्रकरणातील सर्वांत विचार करायला लावणारे वाटते. त्यांच्या पूर्वजांवर बंदूक रोखली होती ती विजयी उत्तरेच्या सैन्याने. जानेवारी १८७० मध्ये मरायस नदीकाठी ब्लॅकफीट लोकांच्या छावणीवर हल्ला होऊन सुमारे २०० जण मारले गेले, त्यांत स्त्रिया, मुले आणि वृद्ध अधिक होते. ती मोहीम काढणारा जनरल शेरिडन हा यादवीतील उत्तरेचा नायक. उत्तरेचे ऋण मानण्याचे कोणतेही कारण या आमदारांना नव्हते. त्यांचा आक्षेप होता तो सार्वजनिक जागेत वंशवर्चस्वाचे चिन्ह सन्मानाने उभे असण्याला.

१८ ऑगस्टच्या सकाळी क्रेन आली. काही नागरिक विरोध करायला जमले होते. हे केवळ पाण्याचे कारंजे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. दुपारपर्यंत बागेतली ती जागा मोकळी झाली होती.