औरंगाबाद पायी पाहताना : आठ माणसं, एक सकाळ

सुट्टीत पाहुणे आले की आपण त्यांना मकबरा दाखवतो, फोटो काढतो आणि घरी येतो. एवढ्याने औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) पाहून होत नाही. आमचा सल्ला असा की सहा-आठ जणांचाच गट करावा. जुन्या शहराच्या गल्ल्या अरुंद आहेत, मोठा घोळका झाला की मागच्यांना काही ऐकू येत नाही आणि मशिदीत नमाजींना अडचण होते ती वेगळीच.

सुरुवात भडकल दरवाजापासून करा. १६१० साली खडकी या गावी शहर वसवणारा मलिक अंबर हा हबशी, म्हणजे आफ्रिकेतून गुलाम म्हणून आलेला माणूस. पुढे तो निजामशाहीचा कारभारी झाला. मुघलांवरच्या विजयाची आठवण म्हणून त्याने हा दरवाजा बांधला. आज खालून रिक्षा जातात, वर मान करून कोणी बघत नाही. तिथून त्यानेच सुरू केलेली जामा मशीद पाहावी. बैठी इमारत, खांबांच्या ओळी, उगाच थाट नाही. जुम्म्याची दुपार मात्र टाळा.

मलिक अंबरचं खरं काम जमिनीखाली आहे. उत्तरेकडच्या डोंगरांतलं पाणी त्याने नहरीने, नुसत्या उताराच्या जोरावर शहरात आणलं. पंप नाही, इंजिन नाही! पुढे त्याच धर्तीवर आणखी नहरी झाल्या. आज बरेच नळ तुटले, काहींवर घरं उभी राहिली. आपल्या दादी-नानीला विचारा, घरच्या हौदात नहरीचं पाणी कधीपर्यंत येत होतं. ही माहिती कागदावर फार कमी आहे. आणि पायाच्या खोदाईत मातीचे जुने नळ निघाले तर मलब्यात फेकू नका. जागेसकट फोटो काढून पुरातत्त्व खात्याला कळवा.

हीच करामत चालताना बघायची तर पाणचक्कीला जा. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात १७४४ च्या सुमारास पाणी आलं. दूरच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून येतं, उंच भिंतीवर चढतं, खाली पडतं, आणि त्या धारेवर जातं फिरतं. यात्रेकरू आणि फकिरांसाठी इथे दळण व्हायचं. मोठ्या हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छत, हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. मुलांना तिथे जरूर थांबवा.

शेवटी रिक्षाने मकबरा. औरंगजेबाची बेगम दिलरास बानू १६५७ मध्ये वारली, तिची ही कबर. दारावरच्या लेखात अताउल्लाह आणि हंसपत राय ही नावं आहेत, म्हणजे एक मुसलमान वास्तुकार, एक हिंदू अभियंता. 'गरिबांचा ताज' म्हणून नाक मुरडणाऱ्यांना जवळ न्या आणि भिंतीचा खालचा संगमरवर कुठे संपतो, वर चुन्याचा गिलावा कुठे सुरू होतो ते दाखवा. जाळी नीट बघितली की तुलना आपोआप थांबते. कबर खालच्या पातळीवर आहे, वरच्या कठड्यातून दिसते.

पायात सहज काढता येतील अशा चपला, डोक्याला रुमाल किंवा ओढणी आणि पाण्याची बाटली पुरे. उन्हाळ्यात सकाळी सातलाच निघा, दगड तापले की अनवाणी चालवत नाही.