खारीचे बांध आणि गावाची राखण

कळमन्यापासून समुद्र शेकडो मैल दूर. तथापि बांध घालून पाण्याशी व्यवहार करण्याची रीत विदर्भास नवी नाही. भंडारा-चंद्रपूर भागात कोहळी समाजाने तलाव बांधून धानशेती फुलविली. इकडे बांध पाणी अडवून ठेवण्यासाठी. कोकणात तोच बांध पाणी बाहेर राखण्यासाठी.

पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात खाडीकाठी मातीदगडांचे बांध घालून खारजमीन लागवडीस आणली गेली. बांधात उघाडी ठेवीत. भरतीच्या दाबाने तिची झडप मिटते. ओहोटी लागली की आतले पाणी झडप लोटून बाहेर पडते. पावसाचे गोडे पाणी जमिनीतील खार धुऊन नेते आणि मग भाताची लावणी होते. गोव्यात अशा जमिनीस खाजन व उघाडीस मानस म्हणतात. तेथे खारे पाणी सोसणारे कोरगुट भात पिकते.

बांधास एक खांड पडले तरी शेकडो शेतांत खारे पाणी शिरते आणि जमीन काही वर्षे नापीक होते. म्हणून राखणीची व्यवस्था पूर्वजांनी आधीच लावून ठेवली होती. कुलाब्यात शिलोत्रदार बाहेरचा बांध राखीत. गोव्यात हे काम गावकरी संस्था पाहत असे.

पुढे काळ पालटला. कोकणात १९४८ व १९७९ च्या कायद्यांनी खारबांधांचा भार शासनाने उचलला. गोव्यात १९६४ च्या कूळकायद्यानंतर कुळांस हक्क मिळाले, हे न्याय्यच झाले. परंतु बांध कोणी राखावा, हा प्रश्न मागे उरला. विदर्भातही १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव शासनाकडे आले आणि कित्येक गाळाने भरले.

सांप्रत संकट अधिक वाढले आहे. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची पातळी सरासरी सुमारे २० सेंटिमीटरने चढली. जो बांध आजोबांस पुरला तो नातवास पुरेलच असे नाही. त्याची उंची वाढवावी लागते, उघाडी बदलावी लागते, आणि जेथे बांध टिकत नाही तेथे कांदळवनास जागा द्यावी लागते.

खारीच्या बांधाचा इतिहास एवढेच सांगतो की, बांधकाम एकदा होते, राखण मात्र दरवर्षी करावी लागते. ज्या गावाने ती वाटून घेतली, त्याच्या शेतात भात उभा राहिला.