कुलाब्याहून कुलाब्याला

अनेक शहरांतील संगणकांवर पसरलेली शोधयंत्रणा चालविणाऱ्या तंत्रज्ञांपुढे ज्या दोन अडचणी असतात, त्या पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला मुळीच परक्या नाहीत. एकाच नोंदीच्या प्रती दूरदूरच्या ठिकाणी जपायच्या, आणि त्या प्रतींत तफावत आढळली तर विश्वास कोणत्या प्रतीवर ठेवायचा हे ठरवायचे. याच प्रश्नाचे एक शतकापूर्वीचे उत्तर आपल्याला रायगडच्या किनाऱ्यावर, अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत सापडते.

ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईत कुलाब्याला १८२६ साली वेधशाळा उभारली. पुढे १८४० नंतरच्या दशकात तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नियमित नोंदी होऊ लागल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी शहरात विजेवरची ट्राम येणार असे दिसू लागले (ती १९०७ मध्ये धावलीही), आणि तिच्या प्रवाहाने चुंबकसुया विचलित होणार हे उघड होते. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई आर्देशीर फ्रामजी मूस यांनी समुद्रापलीकडची, सुमारे ३० किलोमीटर दक्षिणेकडची अलिबागची जागा पक्की केली. अलिबाग हे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचे मुख्य ठिकाण. म्हणजे नोंदी कुलाब्याहून कुलाब्यालाच गेल्या. असो.

खरी अडचण स्थलांतराची नव्हती, सलगतेची होती. चुंबकत्वाचे मूल्य जागेगणिक बदलते. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाच्या प्रदेशात तर थोड्या अंतरावरही ते बदलू शकते. एके दिवशी मुंबईचे दप्तर मिटून दुसऱ्या दिवशी अलिबागचे उघडले असते, तर दोहोंच्या सांध्यावर दिसणारी उडी पृथ्वीची की जागेची, हे पुढच्या कोणालाही सांगता आले नसते. म्हणून १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. त्यांतला फरक निश्चित झाल्यावरच कुलाब्याचे चुंबकीय काम थांबले. दोन हस्तलिखिते शेजारी ठेवून त्यांचे परस्परनाते आधी ठरवावे, तसेच हे. मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या सामग्रीचे दोन खंड १९१० मध्ये प्रसिद्ध केले. या कोरड्या तक्त्यांना ग्रंथ म्हणताना आम्हाला तरी संकोच वाटत नाही.

हीच सावधगिरी पुढे जगाने संस्थात्मक रूपात स्वीकारली. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकीय वर्षात जागतिक विदा केंद्रे स्थापन झाली. एक केंद्र अमेरिकेत, एक सोव्हिएत संघात, आणि उरलेली पश्चिम युरोप व जपान आदी ठिकाणी. शीतयुद्धाच्या ऐन भरात एकाच सामग्रीच्या प्रती दोन्ही गोटांत ठेवण्यामागे, एखादे केंद्र नष्ट झाले तरी नोंद उरावी, हा हेतू होता.

नोंद उरली की तिचा शोध कोण, कधी, कशासाठी घेईल याचा अंदाज लिहिणाऱ्याला नसतो. १ आणि २ सप्टेंबर १८५९ चे सौर वादळ इतके तीव्र होते की लंडनजवळच्या क्यू वेधशाळेतील रेषा कागदाबाहेर गेली. कुलाब्याच्या निरीक्षकांनी मात्र वाचने चालू ठेवली होती. ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्ष लाखिना आदी अभ्यासकांनी २००३ मध्ये ती नव्याने वाचली, तेव्हा चुंबकत्वाच्या आडव्या घटकात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घसरण आढळली. त्या वादळाचे इतके स्पष्ट माप विषुववृत्ताच्या इतक्या जवळून क्वचितच कोठे मिळते. कुलाब्याचा हा वारसा सांभाळणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था आज नवीन पनवेलला, म्हणजे रायगड जिल्ह्यातच आहे.